पुरात रुग्णसाहित्य केंद्रच बुडालं तेव्हा

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूण शहरात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शिरलं, त्यात बाजारपेठेतल्या एका भाड्याच्या गाळ्यात चालणारं रुग्णसाहित्य केंद्रही गेलं. केंद्र चालवणारी संस्था छोटी आहे. मोजके विश्वस्त, एक पगारी कार्यकर्ती, एक अर्धवेळ मदतनीस, आणि हाक मारली की येणारी गावातली माणसं. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड, लोखंडी कॉट आणि कोविडच्या दुसऱ्या लाटेत देणग्यांतून घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारी यंत्रं) अनामत घेऊन घरी वापरायला द्यायचे, गरज संपली की परत घ्यायचे, हे तिचं काम. अशी केंद्रं महाराष्ट्रात गावोगावी आहेत. ती बहुतेक तळमजल्यावर असतात, कारण जड सामान जिन्यावरून चढवणं रुग्णाच्या नातेवाइकांना जमत नाही. म्हणून हे एक प्रकरण तपशिलात लिहून ठेवावंसं वाटलं. संस्थेचं नाव विश्वस्तांच्या इच्छेनुसार देत नाही. पुरानंतर त्यांचं दफ्तर पुन्हा उभं करण्यात आणि पुढचा आराखडा बनवण्यात मी होते. जे लिहिते आहे ते त्या कामात पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे.

२००५ ची रेषा

ही माणसं बेसावध नव्हती. २६ जुलै २००५ चा पूर चिपळूणकरांच्या अंगावरून गेलेला आहे. त्या पाण्याची खूण गाळ्याच्या भिंतीवर रंगाने केलेली होती आणि गाळा भाड्याने घेताना विश्वस्तांनी त्या रेषेच्या वर हातभर अंतर सोडून लाकडी माळा ठोकून घेतला होता. दरवर्षी मृगाच्या आधी महागाचं सामान आणि कागदपत्रांची ट्रंक माळ्यावर जायची. २०२१ सालीही गेली होती.

पाणी माळ्याच्या वर चढलं. शहराच्या बऱ्याच भागांत त्या वर्षी २००५ पेक्षा जास्त पाणी आलं. सह्याद्रीच्या माथ्यावरचा तुफान पाऊस, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीत येणारं पाणी, वर्षानुवर्षं साचलेला गाळ आणि खाडीतून वर रेटणारी भरती, या कारणांवर चिपळुणात आजही वाद होतात. कुणाचा वाटा किती हे ठरवायचा माझा अधिकार नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येक संस्थेने लक्षात घ्यावी अशी आहे. मागच्या पुराची रेषा ही मागच्या पुराची असते. त्या रेषेवर हातभर अंतर ठेवणं म्हणजे पुढचा पूर मागच्याइतकाच येईल असं धरून चालणं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ पासूनचं चिपळूणचं ग्रंथालय २००५ मध्ये पाण्यात गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा गेलं. दीडशे वर्षांहून जुन्या, जाणत्या संस्थेवर ही वेळ दोनदा येते, तिथे भाड्याच्या गाळ्यातल्या केंद्राचं काय?

गाळ्यातलं नुकसान थोडक्यात सांगते. फोमच्या गाद्या टाकून द्याव्या लागल्या. व्हीलचेअर आणि कॉट धुऊन, बेअरिंग बदलून बऱ्याचशा वाचल्या. दुरुस्तीसाठी येऊन पडलेले कॉन्सन्ट्रेटर कायमचे गेले, कारण त्यांच्यात नायट्रोजन वेगळा काढणारा जो झिओलाइटचा खडा असतो तो ओलावा धरला की निकामी होतो, शिवाय कॉम्प्रेसरमध्ये चिखल. हे सगळं पैशाचं नुकसान होतं आणि पैशाचं नुकसान पुढे देणगीदारांनी भरूनही काढलं. या प्रकरणाचा गाभा तिथे नाही.

रजिस्टर कुठे होतं

गाभा एका वहीत आहे. कुठलं साहित्य, कुणाच्या घरी, कोणत्या तारखेपासून, अनामत किती, फोन नंबर काय, हे सगळं एका जाड रजिस्टरमध्ये होतं. ते रोज लागतं म्हणून माळ्यावरच्या ट्रंकेत नव्हतं, टेबलाच्या खणात होतं.

पहाटे वीज गेली. कार्यकर्ती ताई कापसाळला राहायची, तिच्या घरापर्यंत पाणी आलं नाही. उजाडायच्या आत तिला पहिला फोन आला, पेठमापातल्या एका मुलाचा. "ताई, लाइट गेलीये. बाबांचं मशीन बंद पडलंय. काय करू?" त्याच्यामागोमाग दुसरा. कोविड होऊन गेल्यावर फुप्फुसं आखडलेले, घरी ऑक्सिजनवर असलेले असे बरेच रुग्ण त्या पावसाळ्यात गावात होते. कॉन्सन्ट्रेटर हे विजेवर चालणारं यंत्र आहे, त्याच्या पोटात ऑक्सिजनचा साठा नसतो. वीज गेली की त्या क्षणी ऑक्सिजन बंद. साधारण ५ लिटरचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज खातं, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरवर ते काही तास चालतं, दिवसभर नाही.

ताईला हे माहीत होतं. ज्यांचे फोन आले त्यांना तिने सांगितलंही, की मशीनचा लिटर डॉक्टरांनी दिलाय त्याच्या वर ठेवू नका, पंखे-टीव्ही काढा, रुग्णाला वरच्या मजल्यावर न्या. ज्यांचे फोन आले नाहीत त्यांचं काय? मशीनं कुणाकुणाकडे आहेत ती यादी खणात होती आणि खण पाण्यात. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान काढून आठवेल तशी नावं लिहिली. दुपारपर्यंत मोबाइलची रेंज गेली, मग फोनची बॅटरी. तिच्या आठवणीतून निसटलेली काही घरं होती. त्यांतल्या एका रुग्णाला घरच्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं होतं आणि एकाला कुणाकडचा तरी सिलिंडर मिळाला होता. हे संस्थेला कळलं पाणी ओसरल्यावर, काही दिवसांनी. केंद्राच्या रुग्णांपैकी त्या दोन दिवसांत कुणी दगावलं नाही. त्याचं श्रेय नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना आहे, संस्थेच्या तयारीला नाही. विश्वस्तांच्या पहिल्या बैठकीत अध्यक्षांनीच हे बोलून दाखवलं, आणि मला वाटतं त्या एका प्रामाणिक वाक्यामुळे पुढचं सगळं काम नीट झालं.

आपत्तीची तयारी म्हटलं की संस्था स्वतःकडे पाहतात: इमारत, संगणक, कपाट, फाइली. ते करायला हवंच. पण सेवा देणाऱ्या संस्थेने पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा. उद्या सकाळी आपण अचानक बंद पडलो तर चोवीस तासांत कुणाच्या जिवाला धोका आहे, आणि ती नावं आत्ता, या क्षणी कुणाच्या हातात आहेत? अन्नछत्र असेल, डायलिसिस केंद्र असेल, मतिमंद मुलांचं वसतिगृह असेल, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना डबा पोचवणारा गट असेल, हा प्रश्न प्रत्येकाला लागू आहे. इमारतीचा प्रश्न त्यानंतर.

कागद, सही, अनामत

पुरानंतर ट्रंक उघडली तेव्हा आत चिखलाचा गोळा होता. इतिवृत्ताच्या वह्या, पावती पुस्तकं, डेडस्टॉक रजिस्टर (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही), धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी दाखला. ओल्या वह्या कुणी उन्हात टाकल्या की पानं चिकटून वीट होते. त्या सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरा कागद घालत सुकवाव्या लागतात, आणि लगेच जमत नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून थंड ठेवाव्या लागतात, म्हणजे बुरशी धरत नाही. मच्छीच्या बर्फाचं कपाट देणारा एक कोळी बंधू त्यासाठी मदतीला आला. बॉलपेनने लिहिलेल्या नोंदी वाचता आल्या. शाईच्या पेनाच्या नोंदी, जुन्या चिटणीसांच्या सुरेख अक्षरातल्या, धुऊन गेल्या.

नोंदणीच्या कागदांच्या प्रती मात्र अनपेक्षित वाटेने परत मिळाल्या. आयकर कायद्यात झालेल्या बदलामुळे १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या धर्मादाय संस्थांना १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ची फेरनोंदणी १०ए या अर्जाने करायची होती. मुदत आधी ३० जून होती, मग ती वाढत गेली. संस्थेच्या सीएनी जूनमध्येच विश्वस्तपत्र, नोंदणी दाखला, जुने आदेश, ताळेबंद, सगळं स्कॅन करून घेतलं होतं, आणि त्यांचं कार्यालय पुण्यात. त्या एका सरकारी सक्तीने संस्थेचं दफ्तर वाचलं. ज्या संस्थांनी ती फेरनोंदणी केली त्या सगळ्यांकडे कुणाच्या ना कुणाच्या संगणकात हा संच पडलेला असणार. तो मागवून घेऊन दोन ठिकाणी ठेवायला एक दुपार पुरते.

पैशाची अडचण जास्त कठीण होती. धनादेशावर दोन सह्या लागत. सहीचा अधिकार असलेले दोघेही पूरग्रस्त, एकाचं घर मुरादपुरात, दुसऱ्याचं शंकरवाडीत. चेकबुक ट्रंकेत. जवळची बँकही पाण्यात. पहिला आठवडा ताईने स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या पैशांतून सिलिंडर भरून आणले.

त्यापेक्षा नाजूक होती अनामत. दुसऱ्या लाटेत मशीनं कमी पडत होती म्हणून विश्वस्तांनी लोकांच्या अनामत रकमेतून आणखी मशीनं घेतली होती. हेतू शुद्ध होता आणि त्यामुळे जीवही वाचले असतील. पण अनामत ही लोकांची रक्कम आहे, ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला बसते. पुरानंतर घर वाहून गेलेली माणसं पावती घेऊन आली. कुणाची पावतीही वाहून गेली होती. "काका, मशीन गेलं आमच्याकडनं, पण तेवढे पैसे मिळाले असते तर भांडीकुंडी घेतली असती," असं एका बाईने सांगितलं. साहित्य तिच्या घरात बुडालं होतं, नियमाप्रमाणे अनामत जप्त करता आली असती. विश्वस्तांनी ठराव केला की सगळ्यांना पूर्ण अनामत परत, साहित्य परत आलं असो वा नसो, आणि पावती नसेल तर तोंडी सांगतील ती रक्कम. रोकड नव्हती, म्हणून तीन विश्वस्तांनी बिनव्याजी हातउसने दिले. काहींना हा ठराव भाबडा वाटला. मला तो या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. छोट्या संस्थेजवळ गावाच्या विश्वासाखेरीज दुसरं भांडवल नसतं.

"नाही" म्हणण्याचा निर्णय

पूर ओसरल्यावर मदतीचे टेम्पो यायला लागले. मुंबई, पुणे, कोल्हापूर, कुठून कुठून. पाणी, बिस्किटं, चादरी, आणि वापरलेल्या कपड्यांचे ढीग. अनेक गटांनी या संस्थेला विचारलं की तुम्ही वाटपाचं केंद्र व्हाल का. त्या दिवसांत नाही म्हणणं फार अवघड असतं, कारण समोरचा माणूस रात्रभर गाडी चालवून आलेला असतो. तरीही विश्वस्तांनी ठरवलं की फक्त रुग्णांशी संबंधित वस्तू घ्यायच्या: डायपर, सॅनिटरी पॅड, औषधं, ऑक्सिजनचे सिलिंडर, गमबूट. बाकीच्यांना वाटप करणाऱ्या दुसऱ्या गटांचे पत्ते द्यायचे. गुडघाभर चिखलात लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती होती. आरोग्य खात्याने दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरच्यांपर्यंत पोचवणं हे काम फक्त यांना जमण्यासारखं होतं, कारण ती घरं यांना माहीत होती. विश्वस्तपत्रात संस्थेचा उद्देश वैद्यकीय मदत असा आहे, पूरनिवारण असा शब्द त्यात नाही. त्यामुळे हिशेब तपासनिसांपुढेही हा निर्णय सरळ उभा राहिला.

ज्यांनी ही गोळ्यांची पाकिटं वाटली त्यांतल्या निम्म्यांची स्वतःची घरं धुवायची राहिली होती. मदतनिसाचं घर तर होतंच पाण्यात. संस्थेने त्याला पंधरा दिवस भरपगारी रजा दिली आणि कामावर येऊ नकोस असं बजावून सांगितलं. सेवाभावी कामात कार्यकर्त्याने स्वतःचं विसरावं अशी आपल्याकडे अपेक्षा असते. पूरग्रस्त कार्यकर्ता हाही पूरग्रस्त असतो, हे आराखड्यात लिहावं लागतं, नाहीतर त्या गडबडीत कुणाला सुचत नाही.

दोन पानांचा आराखडा

पहिला मसुदा एका शहरी सल्लागाराच्या नमुन्यावरून झाला होता. जाडजूड, समित्या आणि उपसमित्या असलेला. तो बाजूला ठेवला. नवीन आराखडा दोन पानांचा आहे आणि तो भिंतीवर लावलेला नाही, माणसांच्या घरी आहे.

पहिल्या पानावर लाल यादी. विजेवर किंवा ऑक्सिजनवर अवलंबून असलेल्या रुग्णांची नावं, घर नदीच्या कोणत्या बाजूला, कितव्या मजल्यावर, घरात इन्व्हर्टर आहे का, उचलायला माणसं आहेत का, डॉक्टरांनी किती लिटर लिहून दिलाय. जून ते सप्टेंबर दर सोमवारी ही यादी नव्याने लिहायची, बॉलपेनने, आणि तिच्या तीन प्रती तीन घरी: एक कापसाळला, एक पुलापलीकडे परशुरामच्या बाजूला, एक पुण्यात सीएंकडे फोटोच्या रूपात. पुलापलीकडे का? तर २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुलाचं नुकसान झालं आणि महामार्ग तुटला, तेव्हा शहरातल्या माणसाला पलीकडे जाता येईना. त्याच कारणाने आता सिलिंडरही दोन्ही काठांना विभागून ठेवतात. छोटा बी टाइप सिलिंडर दीड हजार लिटरचा, मिनिटाला २ लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो बारा तास पुरतो, ५ लिटर लागणाऱ्याला पाच तास. मोठा जंबो सात हजार लिटरचा, २ लिटरने दोन दिवसांहून जास्त. हा हिशेब यादीतल्या प्रत्येक नावापुढे मांडलेला आहे, म्हणजे ऐन वेळी कुणाला गणित करावं लागत नाही.

दुसऱ्या पानावर कधी हलायचं ते. यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. सरकारी आदेश येईपर्यंत थांबायचं की नाही? एका वयस्कर विश्वस्तांनी आपल्या खाडीकाठच्या लहानपणातला हिशेब मांडला: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, आषाढी एकादशीनंतरचा दुसरा दिवस. तेराला पाऊणने गुणलं की पावणेदहा. म्हणजे पौर्णिमेच्या उधाणाकडे चाललेली भरती, आणि सकाळभर पाण्याला समुद्राकडे जायला वाट अरुंद. हा ठोकताळा आहे, भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहायला हवा. पण तो सगळ्यांच्या तोंडी राहतो. शेवटी असं ठरलं: हवामान खात्याचा रत्नागिरी जिल्ह्यासाठी लाल इशारा, वाशिष्ठी ५ मीटरच्या इशारा पातळीला, आणि अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मागचेपुढचे तीन दिवस, या तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी जुळल्या की संध्याकाळी सातच्या आत कामाला लागायचं. बैठक नाही, परवानगी नाही. ताई यादीतल्या प्रत्येकाला फोन करेल, सखल भागातल्या रुग्णांना नातेवाइकांकडे किंवा कामथ्याला हलवायला टेम्पो सांगेल. दोनदा व्यर्थ धावपळ झाली तरी तिसऱ्यांदा तितक्याच तत्परतेने धावायचं, हे वाक्य विश्वस्तांनी स्वतःहून घातलं.

ताईला हे करता यावं म्हणून एक ठराव लागला. आपत्तीच्या काळात कार्यकर्तीने पंचवीस हजारांपर्यंतचा खर्च पूर्वपरवानगीशिवाय करावा, हिशेब नंतर द्यावा. त्यासाठी वेगळं खातं, त्यात तेवढीच रक्कम, कार्ड तिच्याकडे. मोठ्या खात्यावर सहीचा तिसरा अधिकार पुण्यातल्या विश्वस्तांना दिला. अनामतीचं खातंही वेगळं काढलं आणि त्यातून खरेदी करायची नाही असं इतिवृत्तात लिहिलं. मला विचाराल तर संपूर्ण आराखड्यात पंचवीस हजारांचा ठराव सर्वांत मोलाचा. सेवाभावी संस्थांमध्ये काम ताई करते आणि अधिकार बैठकीकडे असतो. पुराच्या रात्री बैठक होत नाही.

पुढच्या मे महिन्यात रंगीत तालीम घेतली. तिच्यात जे उघडं पडलं ते कागदावर कधीच दिसलं नसतं. यादीतले काही फोन नंबर मुंबईतल्या मुलांचे होते, घरात रुग्णाजवळ असणाऱ्या माणसाचे नव्हते. सिलिंडरला लागणारा रेग्युलेटर आणि पाना एकाच पिशवीत हवेत, ते दोन वेगळ्या कपाटांत होते. सांगून ठेवलेल्या टेम्पोवाल्याने स्पष्ट सांगितलं, "पाणी वाढलं की मी आधी माझी गाडी वर नेणार, मग तुमचं." त्याचं बरोबर होतं. आता त्याच्याशी ठरलंय की गाडी वर नेतानाच तो पहिले दोन रुग्ण घेऊन जाईल.

विमा आणि देणगीदार

एक गाठ अजून सुटलेली नाही. संस्थेकडचं बरंचसं साहित्य वस्तुरूपाने देणगीत आलेलं. कुणी आईच्या स्मरणार्थ कॉट दिली, कुणी वापरून झालेलं मशीन. अशा वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर चढल्याच नव्हत्या किंवा एक रुपया किमतीने चढल्या होत्या. पुस्तकी किंमत नाही तर विमा कशाचा काढणार आणि दावा कशाचा करणार? आता प्रत्येक वस्तूची अंदाजे बाजारभावाची नोंद, फोटो आणि क्रमांक होतो. गाळ्यातल्या सामानाचा पूर धरून विमाही उतरवला आहे. पण कुठल्याही दिवशी निम्म्याहून जास्त साहित्य लोकांच्या घरी असतं आणि पॉलिसी गाळ्याच्या पत्त्यावर असते. घरोघरी पसरलेल्या साहित्याला संरक्षण देणारी पॉलिसी परवडेल अशा हप्त्यात अजून मिळालेली नाही.

देणगीदारांचाही प्रश्न आहे. मे २०१९ पासून कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आपत्ती व्यवस्थापन हा विषय आलेला आहे, त्यामुळे कंपन्यांचा सामाजिक निधी या कामाला चालतो. पुराच्या महिन्यात तो आलाही. दोन वर्षांनी संस्थेने उंचावरच्या जागेचं भाडं, जास्तीचे सिलिंडर आणि तालमीचा खर्च एवढ्यासाठी अर्ज केले, तेव्हा उत्तरं थंड आली. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं. पुरानंतर दिलेल्या रकमेतला एक छोटा हिस्सा पुढच्या पावसाळ्याच्या तयारीसाठी राखून ठेवा, अशी अट देणगीदारांनीच घातली तर संस्थांना फार बळ मिळेल. या संस्थेने आता पूरदेणगीच्या पावतीवर तसा पर्याय छापला आहे, आणि गावातली माणसं तो निवडतात.

केंद्र अजून त्याच गाळ्यात आहे. कापसाळच्या बाजूला एक जागा पाहिली होती, पण बाजारात रिक्षाने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती लांब पडते, म्हणून देवघेव बाजारातच ठेवून फक्त पावसाळ्याचे चार महिने साठा वर न्यायचं ठरलं आहे. माळा काढून टाकला.